‘माझं गणित कच्चं आहे’ हे मुलांना कोण सांगतं?

घटक चाचणीचे पेपर वाटायला घेतले की नववीच्या वर्गात एक ठरलेली हालचाल होते. पेपर हातात पडला की अंगठा वरच्या उजव्या कोपऱ्यावर जातो. गुण आधी झाकायचे, मग अंगठा जरासा सरकवून एकट्यानेच बघायचे आणि लगेच तो कोपरा दुमडून टाकायचा. एवढं झालं की मान शेजारी वळते. "तुला किती?"

तालुक्याच्या गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे. त्या पेपरात मी लाल पेनाने बरंच काही लिहिलेलं असतं. ‘इथे चिन्ह बदललं.’ ‘समीकरण छान मांडलंस, पुढे घाई झाली.’ दोन संध्याकाळी त्यात गेलेल्या असतात. ते वाचायला कुणी थांबत नाही. पेपर दप्तराच्या तळाशी, डब्याच्या शेजारी जाऊन पडतो. मुलाच्या डोक्यात उरतो तो आकडा, आणि खरं सांगायचं तर तो आकडाही नाही. शेजारच्यापेक्षा तो किती वर किंवा किती खाली, एवढंच उरतं.

या ‘तुला किती?’वर मानसशास्त्रज्ञांनी गेली पन्नासेक वर्षं बरंच काम केलं आहे. आपण शिक्षकांच्या खोलीत ‘मुलांना अभ्यासाची गोडीच नाही’ म्हणून जे उडवून लावतो, त्याची फोड या कामात सापडते.

मूल अभ्यासाच्या बाबतीत स्वतःला काय समजतं, याला म्हणतात शैक्षणिक स्वप्रतिमा. ही एकच एक गोष्ट असते असा आपला समज. हुशार मूल, मध्यम मूल, ढ मूल. (ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत ‘ढ’ हे अक्षर जवळपास तसंच राहिलं, म्हणून न सुधारणाऱ्याला ढ म्हणतात, असं आमचे मराठीचे सर सांगायचे. अक्षराचं ठीक आहे, पण मुलाच्या कपाळावर ते कुणी लिहावं?) १९७६ साली शेव्हलसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या स्वप्रतिमेचा आराखडा मांडला, त्यात तिचे विषयवार कप्पे होते. भाषेचा वेगळा, गणिताचा वेगळा, विज्ञानाचा वेगळा. पुढे ऑस्ट्रेलियात हर्बर्ट मार्श यांनी ते कप्पे मोजायला घेतले आणि एक विचित्र गोष्ट हाती लागली. ज्या मुलांना भाषेत चांगले गुण असतात त्यांना बहुधा गणितातही बरे असतात, म्हणजे गुण हातात हात घालून चालतात. पण ‘मी भाषेत चांगला’ आणि ‘मी गणितात चांगला’ या दोन समजुतींचा एकमेकींशी फारसा संबंधच दिसेना.

असं का, याचं मार्श यांनी १९८६ मध्ये दिलेलं उत्तर फार साधं आहे. मुलाच्या हातात दोन मोजपट्ट्या असतात. एक बाहेरची, वर्गातल्या इतरांची. दुसरी स्वतःच्याच इतर विषयांची. माझ्या वर्गात एका मुलीला मराठीत ८८ आणि गणितात ७४ गुण होते. ती म्हणायची, "मॅडम, माझं गणित कच्चं आहे." तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाला गणितात ५८ आणि इंग्रजीत ४१. तो बिनधास्त म्हणायचा, "गणित आपला विषय आहे." ७४ वाली कच्ची आणि ५८ वाला पक्का! दोघांचं आपापल्या जागी बरोबरच होतं, कारण दोघं आपल्याच दुसऱ्या विषयाशी तुलना करत होती. आता अकरावीला शास्त्र शाखा कोण घेईल, सांगा. मुलं गुणांवरून शाखा निवडतात असं आपण धरून चालतो, पण ती निवडतात या समजुतीवरून. मुलींच्या बाबतीत तर हे वारंवार घडताना मी पाहिलं आहे. मराठी आणि इंग्रजी उत्तम, म्हणून गणित ‘त्या मानाने’ कमी, आणि तो ‘त्या मानाने’ हळूच गळून पडतो.

बाहेरच्या मोजपट्टीचा खेळ याहून क्रूर आहे. तुकड्या पाडणाऱ्या शाळेत जो कुणी शिकला असेल त्याला हे सांगावं लागणार नाही. आठवीच्या गुणांवरून नववीची ‘अ’ तुकडी, मग ‘ब’, ‘क’, ‘ड’. ‘ब’मध्ये पहिली आलेली एक मुलगी नववीत ‘अ’मध्ये गेली. घरात पेढे वाटले. ‘अ’मध्ये तिचा नंबर आला एकोणतिसावा. गुण जवळजवळ पूर्वीइतकेच होते. पण आठवीत फळ्याजवळ यायला धडपडणारी ती मुलगी दिवाळीनंतर हात वर करायची बंद झाली. पालकसभेत आई म्हणाली, "वरच्या वर्गात घालून चूक केली की काय?"

मार्श यांनी याला ‘छोट्या डबक्यातला मोठा मासा’ असं नाव दिलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या, एक निवडक हुशार मुलांच्या वर्गात घाला आणि दुसरं साध्या वर्गात. निवडक वर्गातल्या मुलाचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं. आपल्याकडे ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ म्हणतो, ते गायीला हिणवायला. पण त्या गायीला स्वतःबद्दल काय वाटत असेल, हे त्या म्हणीत कुणी विचारलेलं नाही. तिला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याने ती चार पावलं जास्त चालते. मार्श आणि हाउ यांनी २००३ मध्ये २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांची माहिती तपासली तेव्हा हेच सर्वत्र दिसलं. त्यात भारत नव्हता. पण आमच्या ‘अ’ तुकडीच्या शेवटच्या दोन बाकांवर बसून बघितलं तर भारताची भर घालायला फार वेळ लागणार नाही.

आणि ‘ड’ तुकडी? तिथे डबकं छोटं, म्हणजे तिथली मुलं खूश असायला हवीत. काही असतातही. पण तुकडीचं अक्षर वहीवर लिहावं लागतं, हजेरीत पुकारलं जातं, प्रार्थनेच्या रांगेत दिसतं. वर्गात पहिला आला तरी तो ‘ड’मधला पहिला. त्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात.

म्हणूनच बोर्डाच्या निकालाचा आकडा मुलांच्या मनात फारसा उतरत नाही. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. या हिशेबाने शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी ‘मला जमतं’ म्हणायला हवं. कुणी म्हणत नाही, कारण कुणीच ३५शी तुलना करत नाही. तुलना होते मावसभावाशी, शेजारच्या इमारतीतल्या मुलीशी आणि क्लासवाल्याने चौकात लावलेल्या फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांशी.

बरं, मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं याने गुणांवर परिणाम होतो का? की गुण पडतात तसं वाटतं? बरीच वर्षं वाद चालला. आज बहुतेक संशोधक म्हणतात की दोन्ही खरं आहे. चांगले गुण पडले की समजूत उंचावते, समजूत उंचावली की मूल अवघड गणिताशी जास्त वेळ झटतं, झटलं की पुढच्या वेळी गुण वाढतात. उलट्या दिशेने फिरलं तर हेच चक्र खाली नेतं.

इथे अनेकांची गाडी भलत्या रस्त्याला लागते. ‘मग मुलांचा आत्मविश्वास वाढवू या!’ म्हणून शाळेत व्याख्याता येतो, टाळ्या वाजवून घेतो, ‘मी करू शकतो’ असं शंभर वेळा म्हणवून घेतो आणि मानधन घेऊन जातो. अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलं आहे. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्निया राज्याने लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी समिती नेमली होती. २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे चाळले, तेव्हा नुसता आत्मसन्मान फुगवल्याने अभ्यास सुधारतो असं काही दिसलं नाही. ‘तू भारी आहेस’ हे मूल ऐकतं आणि विसरतं. ‘वर्गसमीकरणाचे अवयव मला पाडता येतात’ हे मात्र त्याच्याजवळ राहतं, कारण ते त्याने स्वतः करून पाहिलेलं असतं. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून हेच मांडलं होतं: अमुक एक काम मला जमेल हा भरवसा सगळ्यात पक्का बसतो तो ते काम एकदा जमल्यावर.

आता आळसाकडे येऊ. मला वाटतं, आपण सगळ्यात जास्त फसतो ते इथे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी उभं राहून ऐका. "मी तर काहीच वाचलं नाही यार." "मी रात्रभर मॅच बघितली." निम्मी मुलं खोटं बोलतात. उरलेली निम्मी खरंच वाचून आलेली नसतात, आणि तीच काळजीची. बर्गलास आणि जोन्स यांनी १९७८ मध्ये दाखवलं की अपयशाची भीती असली की माणूस आधीच स्वतःच्या वाटेत धोंडा आणून ठेवतो. अडखळलो तर दोष धोंड्याचा. मार्टिन कव्हिंग्टन यांनी वर्गातल्या मुलांबद्दल हेच अधिक नेमकं सांगितलं: विद्यार्थ्यासाठी मेहनत ही दुधारी तलवार असते. मेहनत केली नाही तर शिक्षक रागावतात. मेहनत करूनही नापास झालो, तर मात्र एकच अर्थ उरतो, की मला डोकंच नाही. चौदा वर्षांच्या मुलाला या दोनपैकी काय परवडतं? शिक्षकांचा राग दोन दिवसांत निवतो. म्हणून तो ‘आळशी’ व्हायचं ठरवतो. ‘हुशार आहे, पण करत नाही’ हे पालकसभेतलं आपलं लाडकं वाक्य त्याच्यासाठी कवचकुंडलं असतं. ती त्याने काढून का द्यावीत?

प्रेरणेबद्दल बोलायचं तर आधी बक्षिसांचं बघायला हवं. ‘नव्वद टक्के पाड, मोबाइल घेऊन देतो’ हा करार घरोघरी झालेला असतो. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत बसली. खेळाची मजुरी झाली होती. यावर खूप वाद झाले, म्हणून १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र करून पाहिले. कबूल केलेल्या वस्तूरूप बक्षिसाने मुळातली आवड घटते, हे टिकलं. पण जे काम मुळातच कंटाळवाणं आहे त्यात घटायला आवड असते कुठे? पाढे पाठ करायला गोळी दिली म्हणून आभाळ कोसळत नाही. ज्या मुलाला भूमितीच्या रचना काढायला मनापासून आवडतात, त्याला दर रचनेमागे पाच रुपये देऊ नका, एवढंच.

डेसी आणि रायन यांचं म्हणणं असं की प्रेरणा ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नसते, तिच्या पायऱ्या असतात. सर मारतील म्हणून करणं ही सगळ्यात खालची. नाही केलं तर स्वतःचीच लाज वाटेल म्हणून करणं ही त्याच्या वरची. पुढे उपयोगी पडेल हे पटलं म्हणून करणं त्याहून वरची, आणि करताना मजा येते म्हणून करणं ही शेवटची. आपली बरीचशी मुलं दुसऱ्या पायरीवर अडकलेली असतात. ती अभ्यास करतात, गुणही मिळवतात, आणि आतून पिळवटलेली असतात. वर चढायला तीन गोष्टी लागतात: थोडं स्वतः ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि इथे मी कुणाला तरी हवा आहे ही जाणीव. नववीच्या वेळापत्रकात यातल्या कशाला तास आहे?

वर्गात ‘गुंतलेलं’ मूल ओळखण्यातही आपण चुकतो. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ मध्ये या गुंतण्याचे तीन पदर वेगळे केले: वागण्यातलं, भावनेतलं आणि विचारातलं. माझी एक विद्यार्थिनी होती. वही बघाल तर बघत राहाल. निळ्या पेनाने गणित, काळ्याने मथळे, पट्टीने मारलेली दुहेरी समासरेघ. एक दिवस मी फळ्यावर मुद्दाम चुकीची पायरी लिहिली. तिने ती तितक्याच सुंदर अक्षरात उतरवून घेतली आणि खाली पट्टीने रेघ मारली. वागण्यात ती पूर्ण गुंतलेली, विचारात अजिबात नाही. शेवटच्या बाकावरचा एक वात्रट पोरगा मात्र ओरडला, "मॅडम, उणे कुठे गेलं?" त्याची वही आणलेलीच नव्हती. वही तपासणीत कुणाला किती गुण पडले असते, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं नववीत एकदम का उफाळतं? लहान मुलं स्वतःबद्दल फार उदार असतात. पहिलीच्या वर्गात विचारा, सगळेच पहिले. वय वाढतं तसं ते मत खाली येत जातं आणि बरंचसं वास्तवाच्या जवळही येतं. पण १९९३ मध्ये जॅकलिन एकल्स आणि सहकाऱ्यांनी याला एक जोड दिली. ज्या वयात मुलाला स्वतः ठरवावंसं वाटतं, नेमकी तेव्हाच शाळा शिस्त आवळते. ज्या वयात ‘लोक मला बघताहेत’ ही जाणीव टोकाला जाते, तेव्हाच शाळा तुलना वाढवते. आणि आईवडिलांखेरीज एखादं मोठं माणूस ज्या वयात हवं असतं, तेव्हाच वर्गशिक्षक जाऊन दर तासाला नवा चेहरा येतो. आमच्याकडे त्यात आणखी भर पडते. आठवीपर्यंत सहसा कुणी अडवत नाही आणि नववीत एकदम गतिरोधक लागतो. बोर्डाचा निकाल शंभर टक्के लावायच्या नादात काही शाळा कच्च्या मुलाच्या पालकांना हळूच सुचवतात, "याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." ज्यांची शाळा सुटली आहे अशांसाठी असलेली ही सोय शाळेत रोज येणाऱ्या मुलाला दाखवली, की त्याला त्याच्या स्वप्रतिमेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

कौतुक करतानाही जरा जपावं लागतं. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना काही कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटलं, ‘हुशार आहेस’, काहींना म्हटलं, ‘मेहनत घेतलीस’. मग सगळ्यांना अतिशय अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी. ‘हुशार’ म्हटलेली मुलं या वेळी आधीपेक्षा मागे पडली, ‘मेहनत’ म्हटलेली पुढे गेली. आणि दुसऱ्यांना आपले गुण कळवताना ते वाढवून सांगणारे ‘हुशार’ गटात जास्त निघाले! यावरून ‘बुद्धी वाढते असं मुलांना शिकवा’ अशी लाटच आली. लाट ओसरल्यावर हाती काय उरलं, ते २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या बारा हजारांवर मुलांच्या अभ्यासातून दिसलं. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांची सरासरी चार गुणांच्या मापावर ०.१ने वाढली. कमी खर्चात इतकं मिळालं तर वाईट नाही, पण जादूही नाही. आणि तेही मुख्यतः तिथे, जिथे अवघड काम अंगावर घेणाऱ्याला वर्गमित्र हसत नव्हते. म्हणजे पुन्हा डबक्यापाशीच आलो.

पेपरांकडे परत येते. इस्राएलमधल्या रूथ बटलर यांचा १९८८ चा एक प्रयोग आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसते शेरे मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. मी ते वाचलं तेव्हा माझ्या त्या दोन संध्याकाळी आठवून पोटात खड्डा पडला.

गेल्या वर्षी दुसऱ्या घटक चाचणीला मी कोपरा कोराच ठेवला. गुण माझ्या डायरीत, पेपरावर नुसते शेरे. वर्गात गोंधळ. "मॅडम, मार्क टाकायचे राहिले!" उद्या सांगते म्हटलं. दोघंतिघं शेऱ्यांवरून गुण मोजायच्या उद्योगाला लागली, एक मुलगी रडवेली झाली. संध्याकाळी एका पालकांचा फोन मुख्याध्यापकांना गेला आणि त्यांनी मला बोलावून ‘नवीन काही करायचं तर आधी सांगत चला’ असं ऐकवलं. मधल्या सुट्टीत मात्र तो वही न आणणारा पोरगा पेपर घेऊन शिक्षक खोलीच्या दारात उभा होता. "तुम्ही लिहिलंय चिन्ह बदललं. कुठं बदललं?" आम्ही दाराशीच पेपर भिंतीला टेकवून ती ओळ शोधली.

दुसऱ्या दिवशी गुण वाचून दाखवायचे नाहीत, एकेकाला जवळ बोलावून सांगायचे, असं ठरवलं होतं. त्याला २० पैकी ७ होते. ऐकून त्याने माझ्याच पेनाने कोपऱ्यात ७ लिहिला, कोपरा दुमडला आणि जागेवर गेला. शेजारच्याने विचारलं, "तुला किती?" तो म्हणाला, "एक चिन्ह चुकलंय रे," आणि त्याला ती ओळ दाखवायला लागला.